रिंगण मोडेपर्यंत थांबायचं: शरदातले शिकारी पक्षी कसे मोजतात

प्रश्न थोडक्यात असा. सांगलीचे एक निवृत्त काका येत्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मुलाकडे न्यू जर्सीला राहायला येताहेत. मुलानं त्यांना सांगितलं, की इथे काही लोक डोंगरावर खुर्च्या टाकून दक्षिणेकडे जाणारे ससाणे आणि गरुड मोजत बसतात. काका विचारतात: उडते पक्षी मोजतात तरी कसे? तोच पक्षी दोनदा मोजला जात नाही कशावरून? त्या आकड्यांचं पुढे होतं काय? आणि अडुसष्टाव्या वर्षी मला तिथे बसता येईल का?

काका, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. खुशाल या, आणि शक्यतो सप्टेंबरच्या मधल्या आठवड्यात या. मी मूळची पुण्याची. गेले एकोणीस शरद न्यू जर्सीतल्या मॉन्टक्लेअरच्या कड्यावर मोजणीला बसते आणि नोव्हेंबरात जमेल तेव्हा पेनसिल्व्हेनियातल्या हॉक माउंटनला जाते. बाकीच्या प्रश्नांना जरा वेळ लागेल.

पहिल्यांदा नावाचा घोळ मिटवू. आपण ‘ससाणा’ म्हटलं की डोळ्यांसमोर येतो टोकदार पंखांचा, सूर मारणारा बहिरी ससाणा. तोही इथून जातो, पण मोजका. सप्टेंबरात जे हजारोंनी जातात ते रुंद पंखांचे, आखूड शेपटीचे, साधारण कावळ्याएवढे पक्षी असतात. आपल्या तिसा नावाच्या शिकारी पक्ष्याचे लांबचे भाऊबंद म्हणा. त्यांचं नाव ब्रॉड-विंग्ड हॉक. कड्यावर सगळे नुसतं ब्रॉडविंग म्हणतात, मीही तेच म्हणते.

हे पक्षी मेक्सिकोच्याही पलीकडे जातात, पण पंख मारत नव्हे, त्यांना ते परवडणारच नाही. दुपारच्या उन्हात माळावर घारी पंख न हलवता वर वर चढतात, तीच युक्ती. तापलेल्या जमिनीवरून ऊन हवा उठते, इथे तिला थर्मल म्हणतात. ब्रॉडविंग तिच्यात शिरतो, गोल फिरत वर जातो, वरची हवा थंड लागली की पंख अर्धे मिटून नैर्ऋत्येकडे घसरत सुटतो आणि पुढची थर्मल गाठतो. दुसरी सोय डोंगररांगांची. वायव्येचा वारा रांगेवर आदळून वर चढतो आणि त्या चढत्या वाऱ्यावर जड पक्षी मैलोन्‌मैल सरकत जातो. हॉक माउंटन ज्या किटाटिनी रांगेवर आहे ती ईशान्येकडून नैर्ऋत्येकडे अशीच पसरलेली आहे. आमचा मॉन्टक्लेअरचा कडा वॉचंग टेकड्यांच्या पहिल्या रांगेवर, एका जुन्या दगडखाणीच्या काठावर आहे. तिथून पूर्वेला मॅनहॅटनच्या इमारती दिसतात आणि पायाखालचा दगड बसाल्टच, आपल्या सह्याद्रीसारखा. पहिल्या दिवशी मला त्याचंच जास्त कौतुक वाटलं होतं.

म्हणून पक्षी बघायचे तर आधी हवामान बघायचं. उत्तरेकडून थंड हवेची लाट आली, पाऊस पाडून पुढे सरकली आणि मागून कोरडा वायव्य वारा सुटला, की दुसऱ्या दिवशी रजा टाकायची. ऑफिसात माझी सप्टेंबरातली आजारपणं वायव्य वाऱ्यावरच येतात हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. खरी पंचाईत गणपतीची. ब्रॉडविंगांचा जोर साधारण १५ ते २० सप्टेंबरच्या आसपास असतो. २०२३ साली चतुर्थी नेमकी १९ तारखेला आली. त्या वर्षी मोदक आदल्या रात्री झाले, पूजा पहाटे झाली आणि बाप्पासमोर घरचे बसले.

आता मोजणीचं. एका थर्मलमध्ये पन्नास, शंभर, कधी चार-पाचशे पक्षी एकत्र गरगरत वर चढतात. इथे त्याला केटल म्हणतात, मी भोवरा म्हणते. नवा माणूस इथेच फसतो, मीही फसले. पहिल्या वर्षी एका पांढऱ्या ढगाच्या पोटाखाली मोठा भोवरा दिसला आणि मी तिथल्या तिथे मोजायला लागले. शंभर, सव्वाशे, दीडशे. मग डाव्या पंखातलं एक पीस गळालेला पक्षी पुन्हा समोर आला. हा आधी मोजलाय का? पुढे रेटलं. तीनशे दहा, असं मी जाहीर केलं. शेजारच्या म्हाताऱ्या मोजणीदारानं काही न बोलता दुर्बीण किंचित डावीकडे नेली. भोवऱ्याच्या माथ्यावरून पक्षी एकामागोमाग एक सुटायला लागले होते, दोरीतून मणी ओघळावेत तसे. त्याचा अंगठा टिकटिक करत राहिला आणि १६७ वर थांबला. आभाळ रिकामं झालं होतं.

वारीतलं रिंगण आठवा. रिंगणात वारकरी मोजता येतील का? पण रिंगण मोडलं, दिंडी घाटाला लागली, की एका जागी उभं राहून मोजता येतात. इथेही तसंच करायचं. भोवरा मोडेपर्यंत थांबायचं. मग आभाळात एक रेघ मनाशी धरायची, म्हणजे एखाद्या मनोऱ्याच्या किंवा उंच झाडाच्या शेंड्यावरून सरळ वर गेलेली. ती रेघ ओलांडली की एक टिक. रांग दाट असेल तर एकेक मोजणं हातात राहत नाही. तेव्हा पहिले दहा नीट मोजायचे, दहा पक्षी आभाळाचा केवढा तुकडा व्यापतात ते डोळ्यात भरून घ्यायचं आणि तेच मापटं पुढच्या रांगेवर टाकत जायचं. एक मापटं, एक टिक. खळ्यावर जोंधळा मोजणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही.

हातातलं यंत्र म्हणजे अंगठ्यानं दाबायचा साधा आकडामोजा. पहिल्या मोसमात माझ्याकडे तोही नव्हता. आई तेव्हा इथे आली होती, तिचा जपाचा बोटात घालायचा काउंटर मी न विचारता उचलला. त्यावर तिचे चार हजारांच्या घरातले जप साठलेले होते, मी बटण दाबून शून्य केले. आई दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही.

तोच पक्षी दोनदा मोजला जातो का? जातो, कधीकधी. म्हणून नियम आहेत. रेघ ओलांडून दक्षिणेकडे गेलेलाच धरायचा, तो परत उत्तरेला आला तर वजा करायचा. गावातले पक्षी धरायचे नाहीत. आमच्या कड्याखालच्या झाडीत लाल शेपटीच्या हॉकची एक जोडी बारा महिने राहते. दर तासाला ती मिरवून जाते, नवे लोक हर्षानं ओरडतात आणि आम्ही म्हणतो, “घरचाच आहे.” टर्की गिधाडांचा छळ सगळ्यात जास्त. कोण प्रवासाला निघालंय आणि कोण नुसतं फेरफटका मारतंय हे कळायला दहा-दहा मिनिटं नजर ठेवावी लागते. राज्याच्या दक्षिण टोकाला केप मे आहे, तिथे १९७६ पासून दरवर्षी मोजणी होते. तिथलं काम आमच्याहून अवघड. पुढ्यात डेलावेअर खाडीचं सुमारे १८ किलोमीटर पाणी. पाण्यावर थर्मल नसते, त्यामुळे पक्षी टोकापर्यंत येतात, बिचकतात, मागे फिरतात, पुन्हा येतात. तिथल्या मोजणीदारांना मी मनातल्या मनात नमस्कार करते.

पण काका, तुमच्या प्रश्नामागे एक समजूत आहे, की आम्ही ‘एकूण पक्षी किती’ ते शोधतोय. तसं नाही. भर दुपारी कित्येक पक्षी इतके उंच जातात की दुर्बिणीतही दिसत नाहीत. निरभ्र निळं आभाळ बघून पाहुणे खूश होतात आणि मोजणीदार कपाळाला हात लावतो; पांढरा ढग मागे असला तर ठिपका दिसतो, निळ्यात विरघळतो. शिवाय रांगेपासून दहा मैलांवरून जाणारे आमच्या हिशेबात येतच नाहीत. दोन कड्यांच्या आकड्यांची बेरीजही कोणी करत नाही, कारण वरच्या कड्यावर मोजलेलाच पक्षी खालच्या कड्यावरून जाऊ शकतो. गावच्या विहिरीत किती लिटर पाणी आहे हे कोणी मोजत नाही, पण चैत्रात पाणी कितव्या पायरीवर होतं हे म्हातारी माणसं चाळीस वर्षांचं सांगतात. आमचं काम त्या पायरीचं. पायरी तीच हवी, महिना तोच हवा आणि बघणाऱ्यानं खोटं बोलता कामा नये.

म्हणून कागद फार कंटाळवाणा असतो. दर तासाला जातीनुसार आकडा, वाऱ्याची दिशा आणि वेग, तापमान, ढग किती, किती लांबचं दिसतंय, पक्षी किती उंचावरून जाताहेत, बघणारे डोळे किती. १९७४ साली उत्तर अमेरिकेतल्या हॉक-मोजणीदारांची संघटना झाली, तेव्हापासून हा नमुना बहुतेक ठिकाणी सारखा आहे. घड्याळाचीही गंमत आहे. इथे उन्हाळ्यात घड्याळं एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरात मागे आणतात, पण पक्ष्यांना ते कोण सांगणार? म्हणून मोसमभर नोंद मूळ प्रमाणवेळेतच होते. कड्यावर माझ्या मनगटावर दोन घड्याळं बघून एका पाहुण्यांना वाटलं होतं, एक भारतातली वेळ असेल.

शून्याची नोंद तर सगळ्यात मोलाची. पूर्वेचा दमट वारा, धुकं, सहा तास बसून तीन पक्षी. असे दिवस पुष्कळ येतात. ते गाळून फक्त चांगल्या दिवशी गेलात, तर आकडा फुगतो आणि कोणत्याही दुसऱ्या वर्षाशी त्याची तुलना होत नाही. तासाला किती पक्षी, हा हिशेब त्या रिकाम्या तासांशिवाय लागत नाही.

ओळखण्याबद्दल दोन शब्द. पिसांचे रंग विसरा, एवढ्या अंतरावर रंग नसतोच. आकार आणि चाल बघायची. शार्प-शिन्ड आणि कूपर्स हे दोन हॉक शिक्र्यासारखेच, अंगानं शिडशिडीत आणि लांब शेपटीचे. पहिल्याचं डोकं इतकं लहान, की पंखांच्या पुढे येतच नाही. पंखांचे फटकारे भराभर, चिडल्यासारखे. दुसऱ्याचं डोकं ठसठशीत पुढे आलेलं, शेपटीचं टोक गोल, पंख मारणं सावकाश. कागदावर सोपं वाटतं. वाऱ्यात डुलणाऱ्या कूपर्स नराला अनुभवी लोकही शार्प-शिन्ड म्हणून मोकळे होतात. माझ्या पहिल्या मोसमाच्या वहीत ‘न ओळखलेला’ या रकान्यात सगळीकडे शून्य होतं. मला त्याचा अभिमान होता. ज्यांच्या हाताखाली शिकत होते त्या बाईंनी वही चाळली आणि म्हणाल्या, “एवढं तर मलाही ओळखता येत नाही.” त्या वर्षीच्या माझ्या नोंदी बाजूला ठेवल्या गेल्या. आता पक्षी लांबून निसटला की मी तो रकाना निःसंकोच भरते. नव्या मोजणीदाराच्या वहीत तो रिकामा दिसला की मला शंका येते.

आता आकड्यांचं पुढे काय होतं ते. हॉक माउंटनची गोष्ट सांगितल्याशिवाय ते कळणार नाही. तिथे पूर्वी लोक पक्षी मोजायला नव्हे, मारायला बसायचे. शरदातल्या रविवारी बंदुका घेऊन रांगेवर चढायचे आणि समोरून तरंगत येणारे हॉक टिपायचे. शिकारी पक्षी म्हणजे कोंबड्यांचे चोर, ही तेव्हाची सर्वमान्य समजूत होती. १९२९ साली पेनसिल्व्हेनिया राज्यानं गॉसहॉक मारणाऱ्याला पाच डॉलर इनाम लावलं होतं. १९३२ मध्ये रिचर्ड पॉ यांनी तिथे मरून पडलेल्या पक्ष्यांच्या रांगा लावून फोटो काढले. ते रोझली एज या न्यूयॉर्कच्या बाईंनी पाहिले आणि १९३४ साली तो डोंगरच भाड्यानं घेऊन टाकला, पुढे विकत घेतला. राखणदार म्हणून मॉरिस ब्राउन आणि त्यांची पत्नी अर्मा तिथे राहायला आली. मॉरिस माथ्यावर बसून मोजायला लागले, अर्मा खाली वाटेवर बंदूकवाल्यांना अडवायच्या. मला त्या दोघांतलं अर्माबाईंचं काम जास्त कठीण वाटतं. दुसऱ्या महायुद्धात मॉरिस नौदलात गेले तेव्हाचे १९४३ ते ४५ हे शरद सोडले, तर ती मोजणी आजतागायत चालू आहे. दरवर्षी १५ ऑगस्ट ते १५ डिसेंबर.

त्या वहीत पक्ष्यांची वयंही होती, आणि तीच पुढे कामाला आली. बाल्ड ईगल म्हणजे अमेरिकेचा पांढऱ्या डोक्याचा गरुड. त्याचं डोकं पांढरं व्हायला चार-पाच वर्षं लागतात, त्यामुळे कोवळा कोण हे लांबूनही कळतं. १९३५ ते ३९ या काळात हॉक माउंटनवरून गेलेल्या गरुडांत ४० टक्के कोवळे होते. १९५५ ते ५९ मध्ये ते २० टक्क्यांवर आले आणि १९५७ साली ३२ प्रौढांमागे एकच पिल्लू दिसलं. पक्षी जात होते, पण मागे पोरं येत नव्हती. लेखिका रेचल कार्सन यांनी १९६२ साली डीडीटी या कीटकनाशकाविरुद्ध जी बाजू मांडली, तिच्यात हे आकडे होते. १९७२ मध्ये अमेरिकेत डीडीटीवर बंदी आली. न्यू जर्सीत सत्तरच्या दशकात या गरुडाचं एकच घरटं उरलं होतं, ऐंशीच्या दशकात कॅनडातून पिल्लं आणून सोडली गेली. आज मॉन्टक्लेअरला गरुड दिसला नाही असा आठवडा विरळा. ब्राउननी १९३४ साली वही उघडली तेव्हा डीडीटीचा कीटकनाशक म्हणून वापरही सुरू झाला नव्हता.

उलट्या बाजूनं सावधगिरीही लागते. शार्प-शिन्डचे आकडे घसरले, म्हणजे पक्षी घटलेच असं नाही. हिवाळे ऊबदार झाले, लोक अंगणात दाणे टाकून लहान पक्षी जमवतात, मग हा शिकारी उत्तरेतच मुक्काम ठोकतो आणि आमच्यापर्यंत येत नाही, असंही होऊ शकतं. अमेरिकन केस्ट्रल, म्हणजे आपल्या खरुची या छोट्या ससाण्याचा इथला भाऊ, त्याची घसरण मात्र बऱ्याच ठिकाणी दिसते आणि मला तिची काळजी वाटते.

कधी आणि कुठे जायचं? सप्टेंबरात मॉन्टक्लेअर: गाडी जवळ लागते, थोड्या पायऱ्या आहेत. ऑक्टोबरअखेर किंवा नोव्हेंबरात हॉक माउंटन: न्यू जर्सीतल्या एडिसनहून साधारण दोन तास. तिथे उत्तर माथ्यावर जायला मैलभर खडकाळ वाट आहे; गुडघे कुरकुरत असतील तर दक्षिण माथा अगदी जवळ आहे. उत्तर माथ्यावरून समोरच्या रांगेचे उंचवटे दिसतात, त्यांना एक ते पाच असे आकडे दिलेत. मोजणीदार ओरडतो, “तीनच्या वर एक, खाली येतोय,” आणि सगळ्या दुर्बिणी तिकडे वळतात. शेजारी काठीवर नकली घुबड लावलेलं असतं. शार्प-शिन्ड त्याच्यावर इतके चिडतात, की डोक्यावरून सूं करत जातात. नोव्हेंबरात सोनेरी गरुड दिसतो, पण खडकावरची थंडी पँटमधून वर चढते. बसायला जाड आसन, कानटोपी, थर्मासमध्ये चहा. दुर्बीण ८ बाय ४२ ची पुरे, जास्त शक्तीची हातात थरथरते. आणि मोजणीदार रांग मोजत असताना त्याला प्रश्न विचारायचा नाही. अंगठा हलतोय का ते बघा, थांबला की विचारा.

मोठा थवा नशिबावर आहे. १४ सप्टेंबर १९७८ रोजी हॉक माउंटनवरून एका दिवसात २१ हजारांहून जास्त ब्रॉडविंग गेले होते. मी एकोणीस वर्षांत त्याच्या जवळपासही गेले नाही. हेच पक्षी पुढे मेक्सिकोत व्हेराक्रुझच्या चिंचोळ्या पट्टीत डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये एकवटतात, तिथे एका मोसमात सगळ्या जातींचे मिळून चाळीस लाखांहून अधिक शिकारी पक्षी मोजले गेलेत. जायचं मनात आहे.

तुम्ही नोव्हेंबरात सांगलीला परतलात, तर हे वेड तिकडेही चालू ठेवता येतं. अमूर ससाणे त्याच सुमारास ईशान्य भारतातून निघून महाराष्ट्रावरून अरबी समुद्राकडे जातात. जेमतेम दीडशे ग्रॅमचा पक्षी, ईशान्येचा वारा पाठीशी घेऊन थेट आफ्रिका गाठतो. ब्रॉडविंग पाण्याला भितो, हा समुद्र ओलांडतो, कारण याला पंख मारत उडणं जमतं. लोणावळ्याच्या पठारांवर नोव्हेंबर-डिसेंबरात काही दिवस ते दिसतात. आणि इंदापूरकडे कडबनवाडीच्या माळावर भोवत्ये, म्हणजे हॅरियर जातीचे शिकारी पक्षी, हिवाळा काढतात. ते रात्री गवतात जमिनीवर झोपतात, म्हणून त्यांची मोजणी संध्याकाळची. सूर्य मावळायच्या तासभर आधी लांबवर बसायचं, एकेकानं एकेक दिशा वाटून घ्यायची, आत उतरणारा मोजायचा, उठून गेलेला वजा करायचा आणि काही झालं तरी गवतात पाऊल टाकायचं नाही.

आकडामोजा नसला तर जपाचा काउंटर चालतो. फक्त काकूंना आधी विचारा.